घर हाक मारतं तेव्हा

टिंग.

फ्रिजवरच्या वाटीएवढ्या स्पीकरचा तो आवाज इतका बारीक होता, की दुसऱ्या घरात कुणी मान वर करून पाहिलंही नसतं. आश्लेषाच्या हातातलं लाटणं मात्र पोळीवर अर्ध्यात थांबलं. टिंगनंतर काय येणार हे तिला ठाऊक होतं. आणि ते आलंच.

"केया, बाबा आलाय गं. कुठे लपलीस?"

शैलेंद्रचा आवाज. जरा खर्जातला, हसू दाबून धरलेला. शैलेंद्र मार्चमध्ये गेला होता, ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या. आता नोव्हेंबर चालू होता, थँक्सगिव्हिंग तोंडावर आलं होतं.

पिठाच्या हातांनी ती गॅरेजच्या दाराकडे धावली. दर वेळी धावायची. दार उघडलं तर तिची एकटी गाडी, भिंतीला टेकलेलं बर्फ ओढायचं फावडं आणि गार सिमेंटचा वास. बाकी कुणी नाही.

हे सगळं त्यानंच बसवलेलं. दिवसभर गाड्यांच्या कंपनीत सेन्सर आणि वायरी, घरी आला की पुन्हा तेच वेड. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या या घरात तो शिरला की दिवे आपोआप लागायचे, हीटिंग चढायचं आणि त्यानं रेकॉर्ड केलेली ही हाक वाजायची. हाक ऐकली की केया कुठेतरी लपायची आणि हा बूटही न काढता तिला शोधत घरभर फिरायचा. तो गेला आणि हाकही थांबली. उन्हाळाभर घर गप्प होतं. मग शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी दुपारी हाक परत आली, आणि तेव्हापासून अधूनमधून येतच राहिली. सहा वर्षांची केया त्या हाकेबद्दल चकार शब्द काढत नसे. आश्लेषाला त्याचीच जास्त भीती वाटे.

"काहीतरी राहिलं असेल गं त्याचं," नंदामावशी म्हणाल्या. दोन घरं सोडून राहायच्या. जन्म नागपूरचा, पण निम्मं आयुष्य मिशिगनात बर्फ ओढण्यात गेलेलं.

"मावशी, तुम्ही कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचात ना?"

"शिकवायचे. आता रिटायर झाले, आता मी काहीही बोलू शकते." त्या चहात आलं किसत होत्या. "विचारून तर बघ त्याला, बाबा रे, काय हवंय तुला?"

"तुमचा तो झाडूवाला रोबो रोज सोफ्याखाली जाऊन अडकतो. त्याचं काय राहिलंय?"

"त्याला तुझ्या काकांचे मोजे आवडतात. हसण्यावारी नेऊ नकोस. विचार."

विचार म्हणे. पुण्याला दहाव्याच्या दिवशी घाटावर सगळ्यांनी तेच तर केलं होतं. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर बसून नुसता मान वाकडी करून पाहत होता. 'केयाला खूप शिकवू रे,' सासरे म्हणाले. 'वहिनीला अंतर देणार नाही,' दीर म्हणाला. 'आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेऊ,' आणखी कुणी म्हणालं. ज्याला त्याला जे सुचलं ते तो बोलत होता. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आश्लेषा तेवढी गप्प राहिली होती. नेमकं काय विचारायचं हेच तिला सापडलं नव्हतं.

म्हणून आता शैलेंद्रला विचारण्याऐवजी तिनं फोरमवर विचारलं. घरं अशी वायरींनी शहाणी करणाऱ्या हौशी लोकांचा एक ऑनलाइन कट्टा होता. शैलेंद्र त्यावर तासन् तास पडीक असायचा. केयाला घ्यायला शाळेबाहेर गाड्यांच्या रांगेत थांबलं की तेवढाच वेळ आश्लेषाचा स्वतःचा असे. स्टिअरिंगला फोन टेकवून तिनं इंग्रजीत लिहिलं: सर, कृपया मदत करा, अर्जंट आहे. आमची सिस्टिम विचित्र वागते आहे. मी नवीन आहे. आगाऊ धन्यवाद.

दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी फिरकलं नाही. मग एकानं एक अक्षरही न बोलता नियमांच्या पानाची लिंक तेवढी चिकटवली.

तिनं पुन्हा विचारलं: स्पीकरवरची एक घोषणा कायमची बंद कशी करायची?

याला लगेच उत्तर आलं. प्लग काढा. खाली दोघांनी हसरे चेहरे टाकले.

ते तिलाही कळत होतं. प्लग फ्रिजच्या बाजूलाच होता, हात लांबवला की पोचेल असा. काढला, की शैलेंद्रचा आवाज घरातून जाणार. नाही काढला, तर ती अशीच गॅरेजकडे धावत राहणार आणि लेक मुकी होत जाणार. दोन्ही तिला सोसणार नव्हतं. मग तिला विचारायचं तरी काय होतं?

तिसऱ्यांदा लिहायला बसली, तर 'आधी विचारलेले असेच प्रश्न' म्हणून खाली जुन्या चर्चा उघडल्या. त्यातल्या एकीत नाव दिसलं, शैल_नोव्हाय. कुण्या नवख्याला त्यानं उत्तर दिलं होतं: 'विचित्र वागतं' ही तक्रार झाली, प्रश्न नव्हे. तुम्ही काय करून पाहिलंत? काय व्हायला हवं होतं? प्रत्यक्षात काय झालं? एवढं सांगा, मग बोलू.

घरीही तो असाच होता. डोकं दुखतंय म्हटलं, की गोळी द्यायच्या आधी हा विचारणार, नेमकं कुठे, कधीपासून, काय खाल्लं होतंस? ती चिडायची. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा कुठे रांग पुढे सरकल्याचं तिच्या लक्षात आलं.

त्या दिवशी तिनं त्याच्या पद्धतीनं विचारलं. माझे पती मार्चमध्ये गेले. ते घरी आले की वाजायची ती घोषणा अजून वाजते. मी दर वेळी गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं, तिथे कुणी नसतं. घरानं गप्प राहायला हवं होतं. मला ते बंद करायचं नाही. घर कुणाला पाहून हाक मारतंय, एवढंच मला कळायला हवंय.

ओल्डबॉयलर नावाच्या, फिनलंडमधल्या कुणा म्हाताऱ्याचं उत्तर आलं. तुमच्या दुःखात सहभागी आहे. घराला माणूस दिसत नाही, बाई. त्याला त्या माणसाचा फोन दिसतो. फोन वायफायला जोडला गेला की घर समजतं, तो आला. फोन कुठे आहे?

बंद पडलाय, तिनं लिहिलं. हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीत, कपड्यांच्या कपाटात. मी ती पिशवी उघडलेली नाही.

पुढच्या वेळी आवाजाकडे जाऊ नका, त्यानं लिहिलं. फोनकडे जा.

रविवारी दुपारी बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. टिंग झालं. केया, बाबा आलाय गं. आश्लेषाचे पाय सवयीनं गॅरेजकडे वळले. ओट्याची कड घट्ट धरून तिनं त्यांना माघारी फिरवलं. जिना चढताना प्रत्येक पायरीला वाटत होतं, नको, न कळलेलंच बरं.

बेडरूममधल्या त्या खोलीएवढ्या कपाटाचं दार किलकिलं होतं. आत अंधार. तिनं दार लोटलं. शैलेंद्रचे शर्ट ओळीनं लटकत होते, आणि अगदी टोकाला त्याचा काळा हिवाळी कोट. तो कोट श्वास घेत होता. हलके वर व्हायचा, खाली यायचा.

घाटावर तिच्या तोंडून न निघालेले शब्द आता निघाले. "काय हवंय तुला?"

"श्श," कोट म्हणाला. "आई, गो अवे. तो येईल ना आता."

आश्लेषा खाली वाकली. कोटाखालून दोन मोजे दिसत होते, एक गुलाबी, एक पिवळा. मांडीवर फोन, त्याला चार्जर लावलेला, आणि शेजारी ती पिशवी, तोंड उघडलेली.

"केया, हा उघडता कसा आला तुला?"

"माझा बर्थडे टाकायचा. बाबानं सांगितलेलं." केयानं कोट बाजूला केला. तिला रागावायचं होतं, पण आईचा चेहरा पाहून ती थांबली. "बंद करायचा, मग ऑन. मग घर म्हणतं. मग मी हाइड करते."

"आणि मग?"

"मग मी वेट करते."

फोन काढून घ्यावा म्हणून आश्लेषानं हात पुढे केला पण तो हात केयाच्या डोक्यावर ठेवला. मग आत सरकून ती केयाशेजारी शर्टांखाली बसली. कपड्यांना त्याचा वास आता जवळजवळ उरला नव्हता.

"तू कारमध्ये कुणाला टाइप करत असतेस?" केयानं विचारलं.

"आहेत काही लोक. घराबद्दल त्यांना कळतं."

"दे नो एव्हरीथिंग?"

"पुष्कळ कळतं त्यांना."

"मग त्यांना विचार ना." केया गुडघ्यांवर उठून बसली. हा विचार तिला एकदम पटला होता. "मी क्लॉजेट ट्राय केलं. लाँड्री बास्केट ट्राय केली. कर्टनच्या मागे पाय बाहेर ठेवून लपले, त्याला इझी व्हावं म्हणून. घर म्हणतं बाबा आलाय, बट नोबडी कम्स. विचार ना आई, मी कुठे लपू, म्हणजे मी त्याला सापडेन?"