चिठ्ठीत आलेली बाजू

दसऱ्याच्या कार्यक्रमात वादविवाद स्पर्धा ठेवायची ही कल्पना आमच्या मंडळाचा सेक्रेटरी श्रीनाथ याची. विषयही त्याने परस्पर ठरवला आणि ग्रुपवर टाकून मोकळा झाला: 'समलिंगी विवाहाला कायद्याने मान्यता द्यावी.' त्या सप्टेंबरात इथे कॅनबेराच्या सरकारकडून देशभर घरोघर पोस्टाने त्याच प्रश्नाचे लिफाफे येत होते, हो की नाही एवढंच विचारणारे. टीव्हीवर तेच, ट्रेनमध्ये तेच. मी जिथे रिसेप्शनला बसते त्या डेंटिस्टच्या क्लिनिकमध्ये तोंड उघडून खुर्चीत पडलेला पेशंट सोडला तर सगळे त्यावरच बोलत होते. मग आपणच मागे का राहायचं, असं श्रीनाथला वाटलं असावं. बाजू मात्र कोणी निवडायची नाही, चिठ्ठी उचलायची. पुण्यात कॉलेजला असंच असायचं, असं त्याने खाली लिहिलं होतं.

आमच्या लोकांची ही खोड मला चांगली ठाऊक आहे. कुठलाही प्रश्न हातात द्या, आधी त्याची स्पर्धा होणार, मग परीक्षक शोधणार, मग चहाला दूध किती लागेल यावर खरं भांडण होणार. एरवी मी ग्रुपवर काहीतरी खोचक लिहिलं असतं, तशी माझी ख्यातीच आहे. त्या दिवशी मी फोन घेऊन क्लिनिकच्या टॉयलेटमध्ये जाऊन बसले.

कारण सांगते. आमची एकुलती एक मुलगी सुखदा फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूटाउनला राहते. तिच्याबरोबर निहारिका राहते. निहारिका नागपूरची, शिकायला आली आणि इथलीच झाली. मंडळाच्या ढोल पथकात पहिल्या रांगेत असते, त्यामुळे सगळे तिला ओळखतात. सगळ्यांच्या लेखी त्या दोघी फ्लॅटमेट. माझ्याही लेखी तेच होतं, जुलैपर्यंत. जुलैतल्या एका शनिवारी पेंडल हिल स्टेशनजवळच्या दुकानातून कढीपत्ता आणि इडली रवा घेऊन आम्ही दोघी गाडीत बसलो आणि सीटबेल्ट लावता लावता सुखदा म्हणाली, "आई, मी आणि निहारिका फ्लॅटमेट नाही आहोत. वी आर टुगेदर. तीन वर्षं झाली."

मी तिचा हात धरला, एवढं तरी मला सुचलं. पण तोंडातून जे पहिलं वाक्य आलं ते असं होतं: "बाबाला सांगू नकोस. त्याला झेपणार नाही."

अजितला, माझ्या नवऱ्याला, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. सबब चांगली होती आणि अर्धी खरीही होती. उरलेली अर्धी भीती माझी होती. मंडळातल्या बायकांची, पुण्यातल्या नणंदेची, व्हॉट्सअॅपची, दुकानात कोणी भेटलं तर त्यांच्या डोळ्यांची. पोरीवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं, पण भीती त्याच्याही वरचढ निघाली. तिला सांभाळून घेण्याऐवजी मी तिला लपवत होते.

चिठ्ठ्या आमच्याच हॉलमध्ये काढल्या. अजितचं नाव श्रीनाथने विचारल्याशिवायच घातलं होतं. अजितकाका नसतील तर वादविवाद कसला, असं त्याचं म्हणणं. अजित पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजचा गाजलेला वक्ता, अजून कुणी माइक पुढे केला की याला चेव चढतो. त्या दिवशी तो फक्त "बरं" म्हणाला, पण मी माझ्याच धास्तीत होते, मला ते वेगळं वाटलं नाही. स्टीलच्या वाटीतून त्याने चिठ्ठी उचलली. निघालं, 'विरुद्ध'. दुसरी चिठ्ठी कादंबरीने उचलली. ती आयटीमध्ये आहे, नुकतीच ब्रिस्बेनहून आलेली. तिला 'बाजूने' आलं.

"अरे यार, मला नको हे. माझे सासरे ऑनलाइन बघतात आपले प्रोग्रॅम," कादंबरी म्हणाली.

"सिरियसली काय घेतेस? स्पर्धा आहे नुसती," श्रीनाथ म्हणाला. "वकील खुन्याची केस घेतो म्हणून तो काय खुनी होतो का? काय काका?"

अजित हसला. मी सगळ्यांना खिचडी वाढत होते. मला खिचडीचं पातेलं श्रीनाथच्या डोक्यावर उपडं करावंसं वाटलं, पण मी फक्त दही हवंय का विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सुखदाला फोन केला. म्हटलं, या वर्षी नको येऊस, बाबा काहीबाही बोलेल, तो फक्त चिठ्ठीतलं बोलेल पण तुला लागेल. ती म्हणाली, "निहारिकाचं पथक आहे ना, मी येणार. आणि मला ऐकायचंय."

"काय ऐकायचंय?"

"बाबा काय बोलतो ते. तू काय करतेस ते. सी यू सॅटर्डे, आई."

मग तालीम सुरू झाली. लग्न झाल्यापासूनची आमची पद्धत अशी की अजितचं भाषण असलं की समोरची बाजू मी मांडायची आणि त्याने ती खोडायची. त्याची कित्येक भाषणं आमच्या ओट्यापाशी तयार झालेली आहेत आणि निम्म्या वेळा मी त्याला निरुत्तर केलेलं आहे. या वेळीही जेवणं झाली की तो ओट्याच्या पलीकडे उभा राहायचा आणि म्हणायचा, "हं, बोल. का द्यावी मान्यता?"

आणि मला बोलता यायचं नाही. शब्द सगळे घशाशी तयार असायचे. त्यातला एक जरी नीट बाहेर पडला तर माझा आवाज फुटणार आणि याला सगळं कळणार, याची मला इतकी भीती होती की मी शाळेतल्या ढ मुलीसारखी बोलायचे. "सगळ्यांना समान हक्क हवेत," म्हणायचे आणि भांडी विसळायला वळायचे.

"शैला, जरा जीव लावून बोल की. असं काय मिळमिळीत?"

"दमलेय मी."

"उद्या नीट बोल."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या आवाजात एक चिडचिड यायला लागली होती. मला वाटायचं, स्पर्धेचं टेन्शन. रात्री तो कूस बदलत राहायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून जागी असायचे.

बाहेरचं वातावरणही धीर देणारं नव्हतं. आमच्या लेटरबॉक्समध्ये कोणीतरी पत्रकं टाकून गेलं, त्यात लिहिलेलं मी दोन ओळींपुढे वाचू शकले नाही. एका रविवारी कपडे वाळत घालताना वर बघितलं तर विमानाने निळ्या आकाशात धुराने 'व्होट नो' लिहिलं होतं. हातातली चादर तशीच धरून मी खाली बसले. माझ्या पोरीच्या डोक्यावरही हेच आकाश आहे, तिनेही हे वाचलं असेल, एवढंच मनात येत राहिलं. आमचे दोन लिफाफे फ्रिजवर चुंबकाखाली तसेच बंद होते. माझा मी उघडत नव्हते, कारण अजित विचारेल काय केलंस. त्याने त्याचा का उघडला नाही, हे मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी कम्युनिटी हॉल भरला. ढोल झाले, सरस्वतीपूजन झालं. सुखदा आणि निहारिका तिसऱ्या रांगेत बसल्या, मध्ये एका खुर्चीवर दोघींच्या पर्स ठेवून. माझ्यासाठी इतक्या अंतरावर बसत होत्या त्या.

कादंबरी आधी बोलली. इंटरनेटवरून उतरवलेलं होतं, मान खाली घालून वाचलं आणि बसली. मग अजित उठला.

मी माझ्या नवऱ्याला इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लग्न हा दोन माणसांचा नाही, दोन घरांचा करार असतो, तिथून त्याने सुरुवात केली. मुलाला आईही लागते आणि बापही लागतो, म्हणाला. मग तो थांबला, चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, "आता मला एक व्यावहारिक अडचण सोडवून द्या. मंगळसूत्र कोणी कोणाच्या गळ्यात घालायचं? की दोघींनी एक एक वाटी वाटून घ्यायची?"

हॉल खदखदून हसला. दोघींनी, म्हणाला होता तो. मी तिसऱ्या रांगेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. निहारिका मान खाली घालून बोटावरचा ढोलाचा घट्टा कुरतडत होती. सुखदा सरळ तिच्या बाबाकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. एखाद्या अनोळखी माणसाचं बोलणं ऐकावं तशी ती ऐकत होती.

भाषण संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या शेजारच्या बाईने टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं. वक्त्याची बायको हात बांधून का बसलीय, असं तिच्या मनात येईल, या एका विचाराने मी हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या.

ढाल अर्थातच अजितला मिळाली. लोक येऊन त्याला सोनं देत होते, पाठीवर थाप मारत होते. एक गृहस्थ म्हणाले, "मी 'यस'वर खूण करणार होतो हो, तुम्ही विचार करायला लावलंत." अजित मान हलवत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, मला वाटलं आता याच्या छातीत दुखणार. मी त्याला कोपराला धरून पार्किंगमध्ये आणलं.

आम्ही गाडीत बसलो तोच सुखदा खिडकीशी आली. निहारिका लांब फुटपाथवर उभी होती.

"छान बोललास, बाबा. मंगळसूत्राचा जोक सगळ्यांना आवडला." मग माझ्याकडे वळली. "आई, तू टाळ्या वाजवल्यास."

"सुखदा, आत बस. घरी जाऊन बोलू," मी म्हटलं, आणि म्हणताना आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. तिने ते बघितलं.

"घरी काय बोलणार? मी बाबाला जूनमध्ये सांगितलं होतं. तो म्हणाला, आईला सांगू नकोस, तिला झेपणार नाही. मग तुला सांगितलं, तर तू बाबाबद्दल तेच म्हणालीस. तुम्हाला दोघांनाही माहीत आहे. आय जस्ट थॉट, आज तरी दोघांपैकी एक जण काहीतरी बोलेल." तिचा आवाज अगदी शांत होता, पेशंटला व्यायाम समजावून सांगावा तसा. "दिवाळीला आम्ही येणार नाही. नंतरचं मला माहीत नाही. बाय."

ती निहारिकाकडे गेली आणि दोघी स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. आता त्यांच्यात मुळीच अंतर नव्हतं, सुखदाने तिचा हात घट्ट धरला होता. मी अजितकडे बघितलं. ढाल त्याच्या मांडीवर होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं. "आणि तरी तू उभा राहिलास."

"नाव मागे घेतलं असतं तर श्रीनाथने विचारलं असतं, का म्हणून. मी काय सांगणार होतो?" त्याने ढाल मागच्या सीटवर टाकली. "घाबरलो मी, शैला. रोज रात्री वाटायचं, तू मला ओट्यापाशी हरवशील. एकदा तू नीट बोललीस की मी म्हणणार होतो, माझ्याच्याने हे होत नाही. मी वाट बघत होतो. आणि तू भांडी विसळत होतीस."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एकमेकांना घाबरत होतो आणि किंमत मोजत होती आमची मुलगी.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. श्रीनाथ होता, खुशीत, खिडकीच्या कडेवर हात ठेवून वाकलेला. त्याच्या मागे चारपाच जण डब्यांच्या पिशव्या घेऊन गप्पा मारत उभे होते.

"काका, तोडलंत आज. व्हिडिओ टाकलाय ग्रुपवर. कॅनबेराच्या मंडळाचा मेसेजही आला, त्यांच्या गुंगालिनच्या हॉलमध्ये पुढच्या शनिवारी हेच भाषण कराल का म्हणून. हो सांगू ना?"

अजितने तोंड उघडलं. "बघू, कळवतो," असं तो म्हणणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. मी कधीही कोणालाही इतकी घाबरले नव्हते, जेवढी त्या वेळी त्या तीसपस्तीस वर्षांच्या पोराला घाबरले.

"तो जाणार नाही," मी म्हटलं. आवाज चिरकला, मागचे लोक वळून बघू लागले. "व्हिडिओ काढून टाक, श्रीनाथ. आमची सुखदा आणि निहारिका फ्लॅटमेट नाहीत. त्या जोडपं आहेत. तो जोक आज माझ्या मुलीवर झाला."

श्रीनाथ हसला, मग हसायचा थांबला. "काकू, मला... काकांना हे माहीत नव्हतं ना?" तो पडेल आवाजात म्हणाला. आमच्या सुटकेसाठी त्याने किती सोपी वाट काढून दिली होती. एक मान हलवली की झालं.

अजितने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते.

"माहीत होतं," तो म्हणाला. "बोलायला उभा राहिलो तेव्हाही माहीत होतं."

मागच्या गप्पा बंद झाल्या. श्रीनाथने खिडकीवरचा हात काढून घेतला. कोणी आमच्याकडे सरळ बघेना.

"गाडी काढ," मी अजितला म्हटलं. "ट्रेन यायच्या आत स्टेशनवर पोचायचंय."