माझ्यावरचा सतरा किलोमीटरचा आळ

मित्रांनो, मी एक मोटारसायकल आहे. वय सोळा वर्षं. कुणी मला 'खटारा' म्हटलं की माझं डोकं फिरतं, म्हणून आधीच सांगून ठेवते. रायपूरच्या चौबे कॉलोनीत नरेशभाऊंच्या फाटकामागे मी राहते. गेल्या महिन्यात मला या घरातून काढायचं अगदी पक्कं झालं होतं. काय घडलं ते ऐका.

मी आले तेव्हा काळी कुळकुळीत होते, टाकीवर लाल पट्टा. नरेशभाऊ सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला. रोज जाऊन-येऊन तीस किलोमीटर. काळी धूळ अंगभर घेऊन मी संध्याकाळी परतायचे, की त्यांची पाच वर्षांची लेक देवयानी फडकं घेऊन धावत यायची. कुमुदवहिनींना पंडरीच्या कापडबाजारात न्यायचं कामही माझंच. आणि एवढं सगळं करून मी एका लिटरमध्ये अठ्ठावन्न किलोमीटर द्यायचे! घरी पाहुणा आला, की चहा यायच्या आधी नरेशभाऊ त्याला माझं एवरेज सांगत. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

पुढे पेट्रोल बदलत गेलं. त्यात इथेनॉल मिसळू लागले. ऊस, मका, तांदूळ यांपासून ते बनतं. आपल्या मातीतून आलेलं इंधन पोटात पडतंय, याचा मला आनंदच होता. पण त्याची एक खोड आहे. तेवढ्याच लिटरमध्ये त्याच्यात उष्णता पेट्रोलपेक्षा कमी असते. मुरमुरे पोटभर खाल्ले तरी भूक लवकर लागते ना, तसंच. शंभरात वीस भाग इथेनॉल आलं, तेव्हा मी तीन-चार किलोमीटर कमी पळू लागले. ते मला मान्य आहे.

नरेशभाऊंना मात्र मान्य नव्हतं. ते मला घेऊन थेट संघर्षकडे गेले. संघर्ष आमचा नेहमीचा मिस्त्री.

"भैया, इसका पेट्रोल कम कर दो. एवरेज बढ़ना चाहिए."

"सर, इस पेट्रोल में गाड़ी को थोड़ा ज़्यादा ही लगता है. और कम किया तो बार-बार बंद पड़ेगी."

"तू कर ना यार!"

झालं. संघर्षने मान हलवत पेट्रोल कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवला आणि माझा घासच तोडला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मी सुरूच होईना. मग नरेशभाऊ चोक ओढायचे. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, म्हणून मी सुरू व्हायचे. इंजिन तापलं की तो परत ढकलायचा असतो. पण ढकलला की मी गचके द्यायचे, म्हणून त्यांनी तो अर्धा ओढलेलाच ठेवायची सवय लावून घेतली. म्हणजे बघा, एका हातानं पेट्रोल तोडलं आणि दुसऱ्या हातानं ओतलं! एवरेज अठ्ठावन्नावरून एक्केचाळीसवर आलं, सतरा किलोमीटर कमी! प्रयोगशाळेत लोखंडाचा कण न् कण तपासणारा हा माणूस, पण माझी तपासणी करावी असं त्याला एकदाही वाटलं नाही.

आणि एका सकाळी सिलतऱ्याच्या वळणावर, मागून ट्रक येत असताना, मी बंद पडले. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून निभावलं. नरेशभाऊंनी मला ढकलत रस्त्याच्या कडेला नेलं. मित्रांनो, मला स्वतःचीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ते ऐकून कुमुदवहिनी रडकुंडीला आल्या. "काहून ठेवून राहिले तुम्ही हिले? जीव गेल्यावर विकाल का? सोमवारी शोरूमवाल्याले देऊन टाका!"

"हव, देतो. म्हातारी झाली ते. नुसती पेट्रोल पिऊन राहिली," नरेशभाऊ म्हणाले.

सोळा वर्षांच्या गाडीला शोरूमवाला ठेवून थोडाच घेणार? तो भंगारातच धाडणार, हे मलाही ठाऊक होतं.

देवयानी आता एकवीस वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच देते. शनिवारी दुपारी मला शेवटचं पुसायला म्हणून ती आली आणि हँडलजवळ थबकली.

"बाबा, ये चोक आधा खिंचा हुआ क्यों है?"

"तसाच राहते तो. नाही तर चालत नाही."

"हमेशा? गरम होने के बाद भी?"

नरेशभाऊंनी "हव" म्हणत मान डोलावली. पोट्टीनं त्यांचा हात धरला आणि आम्ही तिघं संघर्षकडे गेलो. त्यानं स्क्रू पूर्ववत केला. फुगून भेगाळलेली पेट्रोलची रबरी नळी काढून या इंधनाला चालणारी नवी बसवली. काळा पडलेला प्लगही बदलला.

रविवारी सकाळी पंपावर मला मधल्या स्टँडवर सरळ उभं करून टाकी गळ्यापर्यंत भरली. एरवी नरेशभाऊ कधी तिरकी भरत, कधी सरळ, आणि त्यावरच माझा हिशेब करत! मग सिलतरा आणि परत, पुन्हा सिलतरा आणि परत. पूर्ण साठ किलोमीटर. चोक पूर्ण ढकललेला. मी जीव तोडून पळत होते, पण कुठं गचका नाही की ठसका नाही.

त्याच पंपावर, तशीच सरळ उभी. टाकी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरली. आकडा थांबला एक लिटर आणि शंभर मिलीवर.

"साढ़े चौवन!" देवयानी ओरडली. "बाबा, चौवन से ऊपर!"

नरेशभाऊ आकड्याकडे बघत उभे राहिले. मागचे लोक हॉर्न वाजवू लागले तरी हलेनात. मग टाकीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "गलती माही होती बाई. मले माफ कर." भर पंपावर, लोकांसमोर! माझ्या डोळ्यांत पाणी येण्याची सोय नाही, म्हणून बरं.

तिथूनच त्यांनी शोरूमवाल्याला फोन करून गाडी देत नसल्याचं सांगितलं, आणि मग आम्ही घरी आलो. कुमुदवहिनी म्हणाल्या, "आधी आठ दिवस चालवून दाखवा, मग बोला." त्यांचंही बरोबरच आहे. ते आठ दिवस मी एकदाही बंद पडले नाही.

मित्रांनो, नव्या इंधनाला घाबरू नका. जुन्या गाडीची रबरी नळी आणि जोड तपासून घ्या, टाकी महिनोन्‌महिने अर्धी ठेवून गाडी उभी करू नका (इथेनॉल हवेतली ओल शोषतं), चोक वेळेवर ढकला. थोडं एवरेज कमी होईल, तेवढं सोसा. पण कुणाला घराबाहेर काढण्याआधी एकदा नीट मोजून बघा. चार किलोमीटर मी खरंच कमी देत होते. भंगारात मात्र मी सतरासाठी जाणार होते.