टिटव्यांचा तक्ता

मी एक लाकडी तक्ता बोलतोय. धामणगाव बढेच्या विहारात खिडकीशेजारी टांगलेला. वाचायला काही मी शिकलो नाही. अंगावर काय लिहिलंय ते लोक मोठ्यानं वाचतात, तेवढंच मला माहीत.

टिटवे हे आडनाव इकडं कमीच. अख्ख्या तालुक्यात नऊ घरं. "आपल्यातलं कोनी मोठं झालं तं दिसलं पाह्यजे," म्हणून गुलाबराव टिटव्यांनी धान्याच्या जुन्या कोठीचं झाकण रंधा मारून मला बनवलं. रीतही त्यांनीच घातली. बुद्धपौर्णिमेला नाव रंगवायचं, आणि रंगाची डबी त्या माणसाच्या आईनं धरायची. एक सुभेदार लागले, एक हेडमास्तर लागले, कुस्तीवाला प्रेमानंद लागला.

मग गुलाबरावांची भावजय बनाबाई डबी घेऊन आली. तिची महामाया गुरांची डॉक्टर झाली होती.

"वहिनी, ते तं लगीन होऊन चिखलीले गेली. आता टिटवे कुठी राह्यली?"

"शिकवली कोनं? तिच्या सासऱ्यानं?"

"रीत हाय ना."

"रीत तुमीच केली, भाऊजी. आभायातून नाई पडली."

लोक हसले, पण नाव काही लागलं नाही.

पुढच्या पौर्णिमेला बनाबाई पुन्हा आली. वंदना संपेपर्यंत डबी धरून माझ्यासमोर उभी राहिली, मग घरी गेली. तिसऱ्या वर्षीही तसंच. भांडण नाही, रडणं नाही. असं कुणी उभं राहिलं की माणसं आधी कुजबुजतात, मग त्यांना सवय होते. गुलाबरावांना मात्र झाली नाही.

चौथ्या वर्षी तिचे गुडघे धरले होते. गुलाबरावांनी स्वतः खुर्ची आणली.

"बसा, वहिनी."

"डबी धरनारी बसत नसते."

गुलाबरावांनी खुर्ची परत भिंतीशी नेऊन ठेवली. मग हर्षल पेंटरला म्हणाले, "लिही बे."

"माहेरचं लिहू का सासरचं?"

गुलाबरावांनी वहिनीकडं पाहिलं.

"महामाया बनाबाई लिही," ती म्हणाली. "मंग कोनाचंच भांडन नाई."

तसंच लिहिलंय. नवखा माणूस त्या ओळीशी थांबतो, आडनाव राहिलं का म्हणून विचारतो. सांगणारे सांगतात.

आता माझ्यावर चार बोटं जागा उरली आहे. आणि गेल्या पौर्णिमेला विहारात रंगाच्या तीन डब्या आल्या, तिन्ही लेकींच्या आयांच्या हातात. तेव्हा बाबांनो, मला खालून एक फळी जोडा. सागवानीच पाहिजे असं नाही. बाभळीची चालेल.