रविवारच्या आधीची चटई

फुआटिनो काखेतल्या चटईसकट वजनकाट्यावर चढली. एवढ्याशा विमानात माणूसही तोलूनच घेतात.

"एकशे चार!" काट्यावरची मुलगी हसली. "आजी, चटई जड की तू?"

"चटईच. बारा वर्षं घरात पडून होती."

बारा वर्षांपूर्वी घराण्याच्या प्रमुखाची पदवी धाकट्या भावाला, एलिसाराला मिळाली. सोहळ्याला बहिणीने बारीक विणीची चटई न्यायची रीत. ही रागाने गेलीच नाही. आज सकाळी भावाच्या मुलीचा, लोसाचा रडत फोन आला: "आत्या, आज रविवारी, चर्चची घंटा व्हायच्या आत बाबा गेले." मग मयताला न्यायची म्हणून चटई निघाली. जित्याला दिली नाही, मेल्याला देतेय! तिला स्वतःचीच लाज वाटत होती.

आपियाहून भावाचं पागो पागो सव्वाशे किलोमीटर, विमानाने पस्तीस मिनिटं. पण मधल्या समुद्रातून तारखेची रेघ जाते. रविवारी दुपारी निघालेला माणूस शनिवारी दुपारी उतरतो. हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, आणि घरात कुणी गेलं की थोरामोठ्यांनाही आठवत नाही. उतरल्यावर कारकुनाने कागदावर शनिवारचा शिक्का मारला आणि फुआटिनोने तो पुन्हा पुन्हा वाचला. फोन आला तेव्हा इथे शनिवारची सकाळ होती. मग लोसा कुठल्या रविवारचं बोलली?

एलिसारा अंगणात खवणीवर बसून उद्याच्या जेवणाचा नारळ खवत होता. चांगला धडधाकट.

"ताई? वाट चुकलीस की काय! आणि हे काळे कपडे? कोण मेलं?"

"लोसाचा फोन..."

"माझा?" लोसा दारातून म्हणाली. "अगं आत्या, माझ्याकडे तुझा नंबर कुठाय? बाबा देतील तर ना!"

फुआटिनोने चटई उलगडली. एलिसाराने खोबऱ्याचे हात पुसले आणि कडेची लाल पिसं चाचपली. वीण आईच्या हातची होती.

"आणलीस शेवटी," तो म्हणाला. "उशिरा का होईना."

"उशीर नाही झाला रे." तिने त्याचं मनगट धरलं. नाडी नीट चालली होती. तरी तिला ते सोडवेना.

"उद्या चर्चला दोघं बरोबरच जाऊ. बघू दे गावाला!" तो म्हणाला आणि पुन्हा खवायला बसला.

लोसा वही घेऊन आली. "आत्या, आता तरी नंबर दे. काही झालं तर कळवायला बरा."

फुआटिनो एकेक आकडा सांगत गेली. शेवटच्या आकड्यापाशी तिने खवणीवरच्या भावाकडे बघितलं. तो आकडा चार होता.

"सात," ती म्हणाली.

लोसाचं पेन थांबलं. "सात? मला का कोण जाणे, चार वाटला."

"सातच गं," फुआटिनो म्हणाली, आणि तिच्या हातातली वही मिटून टाकली.