पिवळ्या ठिपक्याची बशी

नणंदेने प्रयोगशाळेत बोलावलं ते काही कौतुकाने नव्हे, हे सून ओळखून होती. सासूबाई तर निकाल आपल्याच बाजूने लागणार अशा थाटात ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या.

सुनेची लेक चार वर्षांची झाली तरी जिना चढताना कोलमडायची. रक्त तपासलं तेव्हा तिच्या जनुकांत दोन वेगवेगळे बदल सापडले, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. त्यातला दोषी कोणता, हे डॉक्टरांना सांगता येईना. सासूबाईंना मात्र लगेच आलं. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," म्हणून त्यांनी सगळं खापर सुनेच्या डोक्यावर फोडलं, आणि मग रोज जेवताना तेच तिच्या पानात वाढलं.

नणंद छोट्या माशांवर काम करायची. त्यांचे स्नायू बरेचसे आपल्यासारख्याच जनुकांवर चालतात. तिने काही अंड्यांत जनुक नेमक्या जागी कापून सुनेकडचा बदल घातला, काहींत भावाकडचा. उरलेली तशीच ठेवली. आता तीन बशांत पिल्लं वळवळत होती आणि पडद्यावर मोठी होऊन दिसत होती.

"कुठली बशी कोणाची, मलाही माहीत नाही," नणंद म्हणाली. "बघणाऱ्याला कळता कामा नये, हा इथला नियम. ठिपके याने लावलेत."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने सूक्ष्मदर्शकातून डोकं न काढता हात हलवला.

नणंदेने पेन्सिलीने बशीवर टकटक केलं. लाल ठिपक्याच्या बशीतली पिल्लं सुळकन पळाली. निळ्या ठिपक्याचीही. पिवळ्यातली उशिरा हलली, एका कुशीवर कलली आणि डुलत डुलत तळाशी बसली.

"हीच!" सासूबाई कडाडल्या. "हिच्याकडचीच ही! बघा कशी लुळी पडलीत. लग्नाआधीच म्हणत होते मी."

सुनेला ती बशी उचलून त्यांच्या साडीवर पालथी करावीशी वाटली. पण ते डुलणं तिने कुठेतरी पाहिलं होतं. सासूबाई जिना उतरायच्या त्या अशाच, कठड्याला हात घासत. नणंद घाईत एका बाजूला झोकांडत चालायची. नवराही तसाच. घरात त्याला 'आमची ऐटीची चाल' म्हणत आणि वर मिरवत.

"विचारा त्यांना," सून सहकाऱ्याकडे बोट दाखवत म्हणाली.

"पिवळी भावाकडची," सहकारी म्हणाला. "लाल वहिनींकडची. निळीला हात लावलेला नाही."

"नीट आठव," नणंद म्हणाली.

"मीच लावलेत ठिपके."

"मासे ते!" सासूबाई फणकारल्या. "माशांचं माणसांना कशाला लावता?"

"आत्ता तुम्हीच लावत होता की!" सुनेच्या जिभेला धार चढली. इतके दिवस मूग गिळून बसल्याचं सगळं तिला आज वसूल करायचं होतं. "आता सांगा, कोणाच्या घराण्यात काय आहे ते. आज जेवताना मीच वाढते हा विषय."

सासूबाईंचा चेहरा पडला. सुनेला ते बघून मनापासून बरं वाटलं.

नणंद आपली मूठ मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "दादा अलीकडे खुर्चीतून उठताना हात टेकतो का गं?"

टेकायचा. त्यावरून कालच सुनेने त्याला आळशी म्हणून झापलं होतं.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. नाही म्हण, असं त्यांचे डोळे सांगत होते. त्यांनी सुनेकडे काही मागायची ही पहिलीच वेळ.

"टेकतो," ती म्हणाली.