नाही म्हणायचा पगार

“आणि मधे कधी पैसे काढता येतात का?” ताईने विचारलं.

पेन्शन कंपनीचा माणूस जरा चाचरला. बराच वेळ तो आम्हाला म्हातारपणाची रंगीत चित्रं दाखवत होता. हॉटेलच्या लॉन्ड्रीत सभेसाठी वेगळी खोली कुठली असणार? आम्ही सगळे धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून ऐकत होतो.

“तेवढी एक अडचण आहे ताई,” तो म्हणाला. “साठ पूर्ण होईपर्यंत एक पैसाही हलत नाही. कितीही नड असली तरी.”

“कुणी येऊन रडलं तरी?”

“कुणीही रडलं तरी.”

“मग माझं नाव घाला. जास्तीत जास्त जेवढे कापता येतील तेवढे कापा.”

मी गठ्ठ्यावरून पडायचाच बाकी होतो. त्याच्या आधी दहाच मिनिटं मी त्या माणसाला फी विचारली होती. त्याने घसा खाकरला, चष्मा पुसला आणि मग सांगितलं. पैसे घालताना फी, पुढे दरवर्षी सगळ्या रकमेवर फी. आमची कंपनी वर स्वतःचा छदामही घालणार नव्हती. सक्ती नव्हतीच, ज्याला घालायचे त्याने घालावेत. ड्रायव्हर, धोबी, घडीवाल्या, सगळ्यांनी डोकी हलवून नकार दिला. एकट्या ताईने होकार दिला.

मी इथला बॉयलरवाला. ताई ज्या मोठ्या मशीनवर चादरींना इस्त्री करते, त्या मशीनला लागणारी वाफ माझी. मला लोक खडूस म्हणतात आणि त्यांना तसं म्हणायला कारणं आहेत. ताईला मात्र सगळे ताईच म्हणतात. मॅनेजर तिच्याहून वयाने मोठा, तोही ताई म्हणतो, कारण उसने मागताना ते सोयीचं पडतं. तिला नाही म्हणता येत नाही, ही गोष्ट आमच्याकडे दरवाजावरच्या पहारेकऱ्यालाही ठाऊक आहे.

दुपारी ती जेवायला बॉयलरखोलीत येते. तिथल्या उबेत तिचे गुडघे जरा सैल होतात. दिवसभर उभं राहण्याचं काम, वय सत्तेचाळीस. त्या दिवशी ती डबा उघडते न उघडते तोच मी तोंड उघडलं.

“ताई, तुम्ही फसलात. साठीला पोचेपर्यंत त्यांच्या फीने जवळजवळ पाचवा हिस्सा गिळलेला असेल. तेच पैसे बँकेत टाका ना.”

“बँकेत टाकले की धाकट्याला वास येतो,” ती म्हणाली. धाकटा म्हणजे तिचा भाऊ.

“त्याला सांगायचं नाही.”

“तो विचारतो हो, ‘ताई, आहेत का?’ आणि असले की मी नाहीत कसं म्हणू?”

एकदा तिने स्वतःच्या जागेच्या अनामतीसाठी पैसे साठवले होते. ते बहिणीच्या मुलीच्या कॉलेजात गेले. पुन्हा साठवले, ते धाकट्याच्या मोबाइलच्या दुकानात गेले आणि पाठोपाठ दुकानही गेलं. ताई अजून भाड्याच्या एका खोलीतच आहे.

“पण हे म्हणजे कुंपणानेच शेत खायचं झालं,” मी म्हटलं.

“खाऊ दे थोडं. कुंपण नसलं की गुरं सगळंच खातात, दादा. मला नाही म्हणता येत नाही, त्यांना येतं. समजा, मी त्यांना नाही म्हणायचा पगार देतेय.”

हिशोब माझाच बरोबर होता, आजही आहे. पण ती बोलता बोलता दाराबाहेर बघत होती आणि तिथे कोपऱ्यात आमच्या लॉन्ड्रीतली सगळ्यांची आजी नॅपकिनच्या घड्या घालत होती. आजीची सत्तरी उलटलीय. तिला कामाची हौस नाही, थांबणं परवडत नाही. हात थरथरतात, घड्या वाकड्या होतात, आणि आजी पाणी प्यायला उठली की ताई त्या घड्या गुपचूप नीट करून ठेवते. आजीनेही जन्मभर सगळ्यांना हो म्हटलं होतं. ताईला तो कोपरा नको होता. इतकं साधं होतं ते.

चार-पाच महिन्यांनी धाकटा आला. मागच्या दाराने, जेवणाच्या सुट्टीत, नेहमीसारखा हसत. पोरगा वाईट नाही, हे मी खडूस असूनही सांगतो. बोलणं गोड, माया खरी, फक्त धंद्यात हात घातला की धंदा बसतो. या खेपेला झेरॉक्सचं मशीन होतं. जुनं, पण ‘नव्यासारखं’.

“अडकलेत रे सगळे पैसे,” ताई म्हणाली. “पेन्शनमध्ये. साठीपर्यंत निघत नाहीत.”

“कुणी अडकवले?”

“इथेच, कंपनीत.”

धाकटा भडकला. गरीब बाईला एकटी बघून गंडवतात, म्हणाला. ताईनेही मान डोलावली. मग दोघा बहीण-भावांनी मिळून त्या पेन्शन कंपनीचा जो उद्धार केला, तो ऐकत मी भिंतीकडे तोंड करून हसू दाबत होतो. ताईला तर इतका जोर चढला होता की ती खरंच फसलीय असं मलाही क्षणभर वाटलं.

पण धाकटा उठला. “थांब, तुझ्या मॅनेजरलाच विचारतो,” म्हणाला.

“अरे, जेव आधी,” ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तो तोवर जिना चढून गेलासुद्धा.

तो परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. मॅनेजरने त्याला सगळं सांगितलं होतं. सक्ती नाही, बाकी कुणी घेतलं नाही, उलट कमी घाला म्हणून आम्हीच समजावलं, तुमच्या बहिणीनेच जास्तीत जास्त कापायला सांगितले.

तो दारातच उभा राहिला. “ताई, मला ‘नाही’ म्हणायचं होतं, तर म्हणायचंस ना.”

“म्हणता आलं असतं तर एवढी फी कशाला भरली असती?” ताई म्हणाली.

तिने ते चिडून म्हटलं नाही. धाकट्याने मान खाली घातली. तिने डबा त्याच्यापुढे सरकवला, त्याने तो हळूच परत सरकवला आणि तो निघून गेला. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी उगाचच बॉयलरची झडप तपासत बसलो.

त्यानंतर तो आलाच नाही. फोनही नाही. ताई रोज जेवायला बसताना मागच्या दाराकडे तोंड करून बसायची आणि अर्धा डबा तसाच घरी न्यायची. मशीनवर तिचं लक्ष नव्हतं. एकदा तर तिने दुमडलेली चादरच आत घातली, जे इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं. लहानपणी त्याला तिने कडेवर खेळवलेलं. आई गेल्यावर त्याची शाळा, कपडे, दुखणी-खुपणी सगळं तिनेच पाहिलेलं. पैशाचं निमित्त गेलं म्हणून माणूसही गेला असेल, तर त्यापुढे फीत जाणारा तो पाचवा हिस्सा फारच स्वस्त म्हणायचा.

“बंद करू का दादा?” एक दिवस तिने विचारलं. “आधीचे राहतील तिथे. पण पुढचे कापू नका म्हणून सांगता येतं.”

हेच ऐकायला मी इतके महिने टपून बसलो होतो. आणि तोंडातून निघालं काय, तर, “अजिबात नाही. एवढी फी भरलीय, आता वसूल करा.”

ती हसली, पण डोळे पुसत.

मग एका दुपारी मागचं दार वाजलं. धाकटाच होता. हात रिकामे, केस कापलेले, अंगावर कुठल्याशा दुकानाचा निळा शर्ट. ताईचा हात सवयीने पर्सकडे गेला.

“किती हवेत?” तिने विचारलं. सगळे अडकलेत असं सांगणारी बाई, पण भाऊ दारात दिसताच विसरली.

“काही नको गं. नुसता आलो.” एका झेरॉक्सच्या दुकानात नोकरी लागलीय, मशीन मालकाचं, आपलं नाही, असं त्याने सांगितलं. एवढं सांगून झालं. आजवर मागणं आणि देणं यातच त्यांचं बोलणं झालेलं, आता पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मी माझा स्टूल त्याच्याकडे ढकलला. तो बसला, तिच्याकडे बघत राहिला.

“तुझे गुडघे कसे आहेत?” त्याने विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, त्याने मला विचारलं.

“तुला विचारतोय, ताई.”

“गुडघे ना,” ती म्हणाली आणि थांबली. “डावा बरा आहे. उजवा सकाळी धरतो.” मग ती सांगायला लागली. जिना उतरताना कसं होतं, थंडीत कसं होतं, रात्री कुशीवर वळताना पायाखाली उशी घ्यावी लागते. डॉक्टर काय म्हणाला, कोणतं तेल लावून पाहिलं, कशाचा उपयोग झाला नाही. इतकी वर्षं आम्ही एका खोलीत जेवतो, त्यातलं निम्मंही मला माहीत नव्हतं. धाकटा मधे मधे विचारत होता आणि ती प्रत्येक गोष्ट नीट, सावकाश, पहिल्यापासून सांगत होती.

जेवणाची सुट्टी संपली. बाहेर मशीनपाशी घडीवाल्या येऊन उभ्या राहिल्या. काट्यावर वाफेचा दाब पुरेपूर दिसत होता. मी फोन उचलला आणि मॅनेजरला सांगितलं की आज वाफ धरायला अजून जरा वेळ लागेल.