उल्कानच्या चहात दूध नाही

अर्धा प्याला

चहा अर्धाच ओतायचा. बसा, पुन्हा भरू, हे त्यात न बोलता येतं. काठोकाठ ओतला की अर्थ एकच: निघा.

आम्ही पाचजणी. दर महिन्याला एकीच्या घरी जेवण, आणि बाकीच्यांची वर्गणी तिला. याला शेरिने म्हणतात. तीस वर्षांत कुणाची पाळी चुकली नाही.

म्हणून तर दिलबारा फोन दाखवत म्हणाली, "ही शेरिनेच समजा. फक्त फोनमधली. आपल्याखाली माणसं आणायची, की आपली पाळी येते."

"बुडतं गं हे," उल्कान म्हणाली. आमच्यात ती थोरली, म्हणून सगळ्या तिला एजे म्हणतात, म्हणजे ताई. "माझ्या दिराचं बुडालंय."

"बुडतं ते खालच्यांचं, एजे. आपण वरच्या."

बाकीच्यांनी फोन काढले. समाधानाने.

मध्येच

हे लिहून ठेवते, कारण आता जी ती म्हणते, आम्हाला फसवलं. कोणी फसलं नव्हतं. खाली कोणीतरी मरणार, हे पाचही जणींना ठाऊक होतं. ते पलीकडच्या गावातलं असावं, एवढीच आमची माणुसकी.

माझ्याखालची जागा रिकामी होती. पलीकडचं गाव लांब पडतं. उल्कान शेजारी बसायची.

"एजे, तुमची लाल गाय अजून किती वर्षं दूध देणार?" मी विचारलं. "गाय म्हातारी होते. हे वाढत जातं."

"तू आहेस ना त्यात?"

"मी आहे."

तिने गाय विकली. एकच होती. सतराव्या दिवशी ॲप उघडेना. माझे पैसे मी आदल्या आठवड्यात काढले होते. तिला सांगायचं राहून गेलं.

नाही. राहून गेलं नव्हतं.

पुरा प्याला

आज पाळी उल्कानची. मानाच्या जागेवर, दाराच्या समोर, दिलबारा. मागच्या वेळीही तीच, आजही तीच.

"एजे, चहा काळाच?" तिने विचारलं.

"काळाच."

दिलबाराने फुंकर मारून घोट घेतला. "नवीन एक आलंय. हे मात्र खरं आहे. गेलेलं सगळं यात भरून निघतं."

आमच्यातल्याच असिलकानने झग्याला हात पुसून फोन काढला. "या वेळी लवकर निघायचं हं. मागच्या वेळी आपण लोभ केला."

उल्कानने दिलबाराचा प्याला घेतला आणि ओतत राहिली. काठापर्यंत. बशीत सांडेपर्यंत.

"पाहुण्याशी असं वागतात?" असिलकान माझ्या कानात कुजबुजली. "रीत म्हणून काही आहे की नाही?"

गाय गेली तेव्हा तिला रीत आठवली नव्हती.

मग उल्कानने माझा प्याला घेतला. चहा अर्ध्यावर आला आणि तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती. कबुलीचं एक वाक्य पुरलं असतं. मला ते पाठही होतं.

माझी नजर, सवयीने, दुधाचं भांडं शोधत ताटांवरून फिरली.

तिने ते पाहिलं आणि उरलेला प्याला भरला.